मास्तरांचा ब्रेक

पाण्याच्या टाकीपाशी चढ संपला आणि गाडी पुन्हा आपोआप जड झाली.

मास्तरीणबाईंचा पाय ब्रेकवर नव्हता. रस्ता मोकळा होता, समोर चिटपाखरू नव्हतं. तरीही शेजारून कुणीतरी अलगद पाय टेकवावा तशी गाडी धीमी झाली, थोडी शेजारच्या सीटच्या बाजूला ओढली गेली आणि पुढच्या चाकातून बारीक कुईं असा आवाज आला.

“बरं, बरं. जाते हळू,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “पडदेच पोचवायचेत. आग नाही विझवायची.”

शेजारची सीट रिकामी होती. लांब पायांच्या माणसासाठी ती पार मागेपर्यंत सरकवलेली होती. तिच्या पुढ्यात, खाली, आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक होता. शिकवणीच्या गाडीला असतात तसे. ब्रेकचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं.

त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा गाडी शिकवायचा म्हणून तो मास्तर, आणि तो मास्तर म्हणून या मास्तरीण. त्यांचा स्वतःचा धंदा पडद्यांचा. घरं, हॉटेलं, दवाखाने, कुणाला कसले पडदे हवेत ते शिवायचे आणि नेऊन टांगून द्यायचे. लग्न झालं त्या वर्षी मास्तरांनी त्यांना गाडी शिकवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकाचा खांब पाडला, आणि मास्तर खाली उतरून खांबालाच म्हणाले होते, “मधे कशाला आलास?” तेव्हापासून त्यांना गाडीची भीती कधी वाटली नाही.

मास्तर गेले ते शिकवतानाच. शेजारच्याच सीटवर. एक नर्स गाडी शिकत होती. शाळेच्या लांब भिंतीच्या कडेनं ती गाडी चालवत असताना मास्तरांचं हृदय थांबलं. गाडी रस्त्याच्या कडेला नीट उभी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भेटायला आलेला जो तो तेच सांगत होता, “बाई, काय माणूस! जाता जाता ब्रेक दाबून गेला. त्या पोरीचा जीव वाचवून गेला.” कुणी सांगे, पाय पेडलवरून काढायला जोर लावावा लागला. हे नेमकं कुणी पाहिलं ते मास्तरीणबाईंनी विचारलं नाही. त्या दिवसांत त्यांना घास गिळवत नव्हता, पण ही एक गोष्ट मात्र त्यांनी गिळली आणि ती पोटात ऊब देत राहिली.

मग काही आठवड्यांनी गाडी आपोआप थांबायला लागली.

पहिल्यांदा त्या पडद्यांचा गठ्ठा घेऊन निघाल्या होत्या. एका वळणावर गाडी अशीच जड झाली. त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. सीटवर उन्हाचा एक पट्टा पडला होता, बाकी काही नव्हतं. त्यांनी गाडी कडेला लावली, काचा खाली केल्या आणि थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. पुन्हा निघाल्या तेव्हा गाडी मोकळी झाली होती. वळण तसं अवघडच होतं. मास्तर असते तर त्यांनी इथे ब्रेक दाबलाच असता.

त्यानंतर त्या वाट बघू लागल्या. सकाळी निघताना गाडी नेहमीसारखी पळायची. थोडं अंतर गेलं की मात्र तो शेजारचा पाय यायचा. कधी उतारावर, कधी शाळेजवळ, कधी चौकात. शाळेजवळ आला की त्या मनात म्हणत, बरोबर आहे, पोरं असतात. उतारावर आला की म्हणत, बरोबर आहे. आणि भर मोकळ्या रस्त्यावर, जिथे ब्रेकचं काही कामच नव्हतं, तिथे आला की त्या काहीच म्हणत नसत. तेवढं सोडून देत.

आता त्यांना गाडीत बोलायची सवय लागली होती. आधी एखादं वाक्य. मग दिवसभराचं सगळं. कोणी कापड कमी दिलं, कोणी पडदे लांडे झाले म्हणून भांडलं, शिवणयंत्राचा पट्टा कसा तुटला. कुईं असा आवाज आला की तो त्यांना हुंकारासारखा वाटे. दवाखान्याला जायचा जवळचा रस्ता सोडून त्या लांबून जाऊ लागल्या.

लेक लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. ती गाडीत बसली की मागेच बसायची. पुढच्या त्या सीटवर बसायचं तिच्याही मनाला येत नसे.

“आई, काहीतरी जळल्याचा वास येतोय.”

“येत असेल. रस्त्यावरचा.”

“रस्त्यावरचा कसा? काच बंद आहे. अगं, मिस्त्रीकाकांना दाखव ना एकदा.”

“दाखवते.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालीस. नाहीतर विकून टाकू. दादागिरी करत नाही मी, पण ही गाडी म्हातारी झाली आता.”

“मीही झालेय,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मलाही काढ विकायला.”

लेकीनं आपल्या बाजूची काच खाली केली. पण मास्तरीणबाईंनी गाडी काही मिस्त्रींना दाखवली नाही. उलट गॅरेजची गल्लीच टाळली. एकदा भाजी घेताना मिस्त्री समोर आले. मास्तरांचे जिवलग मित्र. गाडीचा एकूण एक स्क्रू त्यांच्या हातून गेलेला.

“वहिनी, गाडी बरी आहे ना?”

“एकदम छान,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पिशवी सावरत दुसऱ्या बाजूला वळल्या. घरी आल्यावर त्यांना नवल वाटलं. मिस्त्रींशी त्या इतक्या वर्षांत कधी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना कशाची भीती वाटत होती हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मिस्त्री गाडीखाली जातील, हात पुसत बाहेर येतील आणि म्हणतील, झालं काम.

*

त्या दिवशी दवाखान्याचे पडदे पोचवायचे होते. दोन खाटांमध्ये लावतात ते, फिकट निळे. मागची सीट गठ्ठ्यांनी भरली होती. मास्तरीणबाई लांबच्या रस्त्यानं निघाल्या. आज तो पाय लवकरच आला आणि आला तो हटलाच नाही. गाडी सारखी शेजारच्या बाजूला ओढत होती. इंजिन कण्हत होतं. जळका वास इतका येत होता की त्यांनी काच खाली केली.

“आज काय झालंय तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “इतकं कशाला घाबरताय?” आणि म्हणताना त्यांना बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्यासाठी घाबरत होतं.

दवाखान्याच्या मागच्या फाटकाकडे रस्ता उतरतो. उतारावर गाडीनं वेग घेतला. फाटकातून एक म्हातारे गृहस्थ चाकांचा वॉकर ढकलत, एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडत होते. मास्तरीणबाईंनी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. तो खालीच गेला. लोण्यात गेल्यासारखा, थेट तळाला टेकला. गाडी तशीच पुढे.

त्यांनी पुन्हा दाबला. पेडलमध्ये जीवच नव्हता.

“अहो!” त्या शेजारच्या सीटकडे वळून किंचाळल्या. “अहो, दाबा! दाबा ना!”

कुणी काही दाबलं नाही.

त्यांचा हात हँडब्रेकवर कधी गेला ते त्यांना कळलं नाही. गाडीला हिसका बसला, मागचा भाग फिरला, पडद्यांचे गठ्ठे त्यांच्या पाठीवर आदळले आणि गाडी थांबली. म्हातारे गृहस्थ वॉकर घट्ट धरून जागच्या जागी उभे होते. बॉनेट त्यांच्यापासून हातभर लांब.

“अहो बाई,” ते थरथरत्या आवाजात म्हणाले, “मला आत्ताच घरी सोडलंय. परत आत पाठवता का काय?”

मग माणसं धावली. पुढच्या एका चाकातून धूर येत होता. पहारेकऱ्यानं सगळ्यांना लांब केलं. मास्तरीणबाईंना कुणीतरी पायरीवर बसवलं. समोर पाण्याचा पेला आला आणि त्यांनी वर पाहिलं. पेला धरणारा हात नर्सचा होता. तीच ती. मास्तर गेल्यापासून दोघींनी एकमेकींना पाहिलं नव्हतं.

“काकू, पाणी.”

त्यांनी घेतलं.

“तीच गाडी ना?” नर्सनं विचारलं. तिनं गाडीकडे पाहिलं, पण ती पायरी सोडून पुढे गेली नाही.

“तीच.”

म्हातारे गृहस्थ अजून तिथेच होते. जो येईल त्याला सांगत होते, “शेजारी कुणी नाही, आणि या बाई ‘अहो दाबा, अहो दाबा’ म्हणून ओरडतायत! मला वाटलं मलाच सांगतायत. मी काय दाबणार?” लोक हसले. नर्स हसली नाही. ती मास्तरीणबाईंकडे बघत राहिली, आणि मास्तरीणबाईंनी मान खाली घातली.

*

गाडी दोरानं ओढत गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई तिथे गेल्या तेव्हा मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे लावले होते. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. मिस्त्रींनी एक खुर्ची पुसून पुढे केली.

“रागवा तरी,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“रागवून काय करू?” मिस्त्री म्हणाले. “ती बघा.”

त्यांनी हातातली ब्रेकची पट्टी पुढे धरली. लोखंडी पाठ आणि तिच्यावर घासण्याच्या थराची नुसती खूण उरलेली. “हा आतल्या बाजूचा पॅड. संपला. लोखंडावर लोखंड घासत होतं. आणि हा दुसऱ्या चाकाचा. बघा, अजून किती जाड आहे. एक चाक सगळं करत होतं, दुसरं आरामात.”

“असं का झालं?”

मिस्त्री उकिडवे बसले. “हा कॅलिपर. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला चिमट्यासारखा धरतो. आत हा पिस्टन आहे. तुम्ही पेडल दाबलं की तेलाच्या जोरानं तो बाहेर येतो, पॅड दाबतो. पाय काढला की त्यानं मागे जायला पाहिजे. हा गंजलाय. बाहेर यायचा, पण मागे जायचा नाही. पॅड चकतीला चिकटूनच राहायचा.”

“म्हणजे आपोआप ब्रेक लागायचा.”

“लागलेलाच राहायचा. सकाळी गार असताना जरा सैल. एकदा तापला की पकडायचा.”

“आणि गाडी एका बाजूला ओढायची.”

“याच बाजूला. आणि तापून तापून शेवटी आतलं तेल उकळलं. तेल उकळलं की त्यात वाफ होते. मग पेडल दाबलं तरी पोकळीच दबते. काल तेच झालं.” मिस्त्रींनी एकदम वर पाहिलं. “पण वहिनी, हे काय एका दिवसात होत नाही. गाडी कधीची ओढत असेल. तुम्हाला कळलं कसं नाही?”

मास्तरीणबाई गंजलेल्या पिस्टनकडे बघत होत्या. बाटलीच्या बुचाएवढा तो तुकडा.

“कळत होतं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, हे दाबतायत.”

मिस्त्रींचा हात पान्यावरच थांबला. गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं काढलं, हात पुसले, मग तेच फडकं घेऊन चेहरा पुसला, आणि गालावर काळा पट्टा उमटला. ते उठले, गाडीच्या मागे गेले आणि बराच वेळ मागे कसलीशी हत्यारं खालीवर करत राहिले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात नवा कॅलिपर, नवी चकती आणि नव्या पॅडची खोकी होती. ते कामाला लागले. दोन्ही पुढच्या चाकांचे जुने पॅड निघाले. चरे पडलेली चकती त्यांनी बदलली, दुसरी घासून पुसून घेतली. चांगल्या बाजूचा पिस्टन शिकंज्यानं हळूहळू मागे दाबला, पिना साफ करून वंगण लावलं, नवे पॅड बसवले. कॅलिपर नुसत्या रबरी नळीवर लोंबकळू नये म्हणून तो तारेनं वर बांधून ठेवला होता. ते बघताना मास्तरीणबाईंना उगाच सलाइन लावलेल्या हाताची आठवण झाली. नको म्हणून त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

“आता तेलातली हवा काढायची,” मिस्त्री म्हणाले. “त्याला दोघं लागतात. एक खाली, एक पेडलवर.” त्यांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं. “पेडलवर तो असायचा. कायम. ड्रायव्हरच्या सीटवर नाही बसायचा. म्हणायचा, माझा पाय तिकडचाच आहे.”

“मी बसते.”

“ड्रायव्हरकडून दाबा तुम्ही. एकच आहे ते.”

“नाही,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “तिकडूनच.”

त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं. या दारानं त्या कितीतरी दिवसांत आत शिरल्या नव्हत्या. पाठ टेकवून त्यांनी पाय पुढे केला, पण पेडल लांब राहिलं. बोटंसुद्धा पोचेनात.

“सीट पुढे घ्या वहिनी. खाली दांडी आहे.”

त्यांनी हात खाली घातला. दांडी घट्ट होती. त्यांनी दोन्ही हातांनी ओढली आणि सीट कर्र करत पुढे सरकली, एका खाचेतून दुसऱ्या खाचेत, दुसरीतून तिसरीत. मास्तरांच्या पायांची लांबी गेली. मास्तरीणबाई डोळे मिटून तशाच बसल्या. मग त्यांनी झिजलेल्या रबरावर पाय ठेवला.

मिस्त्रींनी बॉनेटखालच्या डबीत नवं तेल ओतलं. “हा मास्टर सिलिंडर,” ते म्हणाले. “तो हसायचा. म्हणायचा, माझ्या नावाचा एक तरी पार्ट आहे गाडीत.” मग ते मागच्या लांबच्या चाकापाशी गेले. तिथल्या हवा काढायच्या निपलला त्यांनी पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक तेलाच्या बाटलीत सोडलं.

“दाबा.”

पेडल भुसभुशीत खाली गेलं. “दाबलं.”

“धरा. सोडू नका हं, मी सांगेपर्यंत.” पाना फिरला. पायाखालचं पेडल एकदम खचून तळाला गेलं. कालही ते असंच गेलं होतं, पण मास्तरीणबाईंनी पाय काढला नाही. पाना परत फिरला.

“सोडा.”

“सोडलं.”

“दाबा.”

असं कितीदा तरी. मधेमधे मिस्त्री उठून डबीत तेल ओतत. ती रिकामी झाली तर पुन्हा हवा शिरेल म्हणत. एका चाकानंतर दुसरं, मग पुढची. पहिल्यांदा नळीतून काळंभोर तेल आलं, आणि त्यात बुडबुडे. बारीक, मोठे, एकामागून एक. शेवटच्या चाकाच्या वेळी दार उघडं होतं आणि वाकून पाहिल्यावर मास्तरीणबाईंना नळी दिसत होती.

“इतकी हवा होती आत?”

“हवाच होती वहिनी,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले.

“दाबलं.”

“धरा.”

एकदा मिस्त्री “दाब रे” म्हणाले. दोघांनाही ते ऐकू आलं. मास्तरीणबाईंनी दाबलं.

“धरलंय,” त्या म्हणाल्या.

नळीतून आता स्वच्छ, मधासारखं तेल येत होतं. पायाखालचं पेडल हळूहळू वर आलं आणि घट्ट झालं, दगडासारखं. आता ते फक्त दाबल्यावरच दबणार होतं.

चाकं बसवून झाली. मिस्त्रींनी सांगितलं, आज जरा बेतानं चालवा, मधेमधे हलकासा ब्रेक मारत राहा, नवे पॅड बसायला वेळ लागतो. मास्तरीणबाई मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी गेल्या. गाडी पाण्यासारखी पळत होती. शाळा आली, उतार आला, चौक आला. कुठेही काही ओढलं नाही. कुठूनही आवाज आला नाही. त्यांनी तोंड उघडलं, पडद्यांबद्दल काहीतरी सांगायला घेतलं, आणि पहिल्याच शब्दाला त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. एकट्या बाईचा. पुढचा रस्ता त्या गप्प होत्या.

*

संध्याकाळी त्या शिवणयंत्रावर बसल्या होत्या, तेव्हा दारावर टकटक झाली. नर्स होती. कामावरून थेट आलेली, केस विस्कटलेले.

“काकू, आत येऊ?”

“ये की. चहा टाकते.”

“नको. आधी बोलते. नंतर तुम्ही चहा द्याल की नाही माहीत नाही.”

ती कडेच्या स्टुलावर बसली. मांडीवर बॅग घट्ट धरून. “काल ते आजोबा सांगत होते, तुम्ही काय ओरडलात ते. मी रात्रभर विचार करत होते. काकू, त्या दिवशी गाडी सरांनी नाही थांबवली.”

शिवणयंत्राच्या चाकावर मास्तरीणबाईंचा हात तसाच राहिला.

“मी थांबवली,” नर्स म्हणाली. “सगळे म्हणायला लागले सरांनी ब्रेक दाबला. कुणी सुरू केलं माहीत नाही. मी काही बोलले नाही. मला वाटलं, तुम्हाला तेवढाच आधार.”

“खोटं बोलतेस,” मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. “लोकांनी पाहिलंय. त्यांचा पाय पेडलवर होता. काढायला जोर लावावा लागला.”

“मी काढलं त्यांना गाडीतून. मीच. पाय पेडलवर नव्हते.”

“मग कुठे होते?”

“मागे. सीटखाली घेतलेले. त्या आठवड्यात ते तसेच बसायचे.” नर्सनं ओठ दाबून धरले. “म्हणायचे, आता तुझं तू. मी फक्त हवा खायला आलोय.”

बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला आणि बंद झाला.

“सांग,” त्या शेवटी म्हणाल्या. “सगळं सांग.”

“बोलता बोलता थांबले. मला वाटलं माझंच काही चुकलं. मी चुकले की ते गप्प बसायचे ना, मला माझं कळेपर्यंत. म्हणून मी घाईघाईनं बघायला लागले, गिअर बरोबर आहे का, वेग जास्त आहे का. मग त्यांची मान खिडकीकडे कलली. मी आरसा पाहिला. सिग्नल दिला. हळूहळू ब्रेक दाबत गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली. सगळं केलं काकू, शिकवलं होतं तसं. एवढं सगळं करून मग त्यांच्याकडे वळले.” तिनं नाक पुसलं. “मी रोज लोकांच्या छातीवर हात ठेवते. किती जणांना परत आणलंय. त्यांना रस्त्यावर झोपवून मी दाबत राहिले, दाबत राहिले. आले नाहीत. मधे ते तेवढे सेकंद मी गाडीला दिले, तेच माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही.”

खोलीत अंधार दाटत होता. मास्तरीणबाई उठल्या, दिवा लावला. मग आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. नर्सला वाटलं आपल्याला जायला सांगतील. पण त्या दोन कप घेऊन आल्या आणि एक तिच्या हातात दिला.

“ते तेवढे सेकंद तू गाडीला दिले नसतेस,” त्या म्हणाल्या, “तर तू शाळेच्या भिंतीत असतीस. आणि भिंतीअलीकडे पोरं.” त्यांनी एक घोट घेतला. चहा फार गरम होता, त्यांचे डोळे पाणावले. “पाय मागे घेतले होते म्हणालीस.”

“हो.”

“माझ्या वेळी कधी घेतले नाहीत. लायसन्स मिळालं तरी दुसऱ्या दिवशी पाय पेडलवर. माझ्यावर विश्वासच नव्हता या माणसाचा.” आणि त्या एकाएकी हसल्या. हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं, त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला आणि पुष्कळ वेळ त्या तशाच बसल्या. नर्सनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

चहा गार झाल्यावर मास्तरीणबाईंनी कप बाजूला ठेवला.

“तुझं शिकणं अर्धंच राहिलं.”

“मला नाही आता शिकायचं.”

“अर्धं शिकलेलं वाईट. ना पायी चालायच्या कामाचं, ना गाडीच्या.” त्या तिच्याकडे न बघता शिवायचं कापड गोळा करू लागल्या. “ब्रेक आजच केलेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी ये.”

*

ती आली. वाटलं नव्हतं, पण आली. मास्तरीणबाई शेजारच्या सीटवर बसल्या. काय सांगायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्या काहीच सांगत नव्हत्या. नर्सनं आरसा दोनदा नीट केला. गल्लीतून त्या बाहेर पडल्या, मोठ्या रस्त्याला लागल्या. चौकात सिग्नल हिरवा झाला, नर्सनं क्लच भसकन सोडला आणि गाडी आचका देऊन बरोबर रस्त्याच्या मधोमध बंद पडली.

“अरे देवा,” नर्स म्हणाली. तिचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मागून एकानं हॉर्न दिला, मग दुसऱ्यानं, मग रांगच लागली. “काकू, तुम्ही घ्या. तुम्ही इकडे या. मला नाही जमणार.”

मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. एक टेम्पो, दोन मोटारी, एक बस. बसचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून काहीतरी बोलत होता. मास्तरीणबाईंनी काच खाली केली, दंड पूर्ण बाहेर काढला आणि तळहातानं खूण केली, बाजूनं जा. टेम्पो गेला. मोटारी गेल्या. बसवाला जाता जाता ओरडला. त्यांनी त्यालाही तशीच खूण केली, सावकाश, एखादा पडदा बाजूला सारावा तशी.

“किल्ली फिरव,” त्या म्हणाल्या.

मागून आणखी गाड्या येत होत्या. त्यांचा हात बाहेरच होता.